पेनवाली पाटी

“लिहायचंच आहे ना फक्त? मग चोपडी घ्या ने. बेनला एवढं मोठं मशीन कशाला?”

वापीच्या त्या दुकानात हे वाक्य माझ्यासाठी नव्हतं. विक्रेत्याने ते माझ्या चुलत भावाला आवाज खाली घेऊन म्हटलं होतं. दादा हसला आणि म्हणाला, “तिला बोलायचं नसतं ना, म्हणून लिहायचं असतं.”

मी पाच पावलांवर काचेच्या कपाटापाशी उभी होते. जो कमी बोलतो त्याला ऐकूही कमी येतं, असं लोक का धरून चालतात ते मला अजून समजलेलं नाही. माझं तर उलट आहे. मला सगळं ऐकू येतं. मी फक्त मान वर केली नाही आणि समोरच्या टॅबलेटवर पेनाने पुन्हा एकदा लिहिलं: वाकडी.

२०१८ सालची दिवाळी नुकतीच संपली होती. डहाणूत मोबाइलची दुकानं होती, पण पेन लावून लिहायचा टॅबलेट म्हटलं की दुकानदार फोन दाखवायचे, म्हणून वापी. दादा गाडी घेऊन आला होता, कारण मी एकटीने असली वस्तू घ्यायला जाणं घरात कोणालाच पटलं नसतं. पैसे मात्र माझे होते. दोन वर्षं शाळेतल्या मुलांच्या शिकवण्या घेऊन साठवलेले.

मला मशीन कशाला हवं होतं, हे सांगायचं तर आधी आमची वाडी सांगायला हवी.

डहाणूत आमची चिकूची वाडी आहे. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला रस्ता आणि फाटक, आणि मध्ये चिकूच्या चौदा ओळी. आजोबांनी समुद्राकडून लावत आणली. मोठे काका, पप्पा आणि दादा, तिघं मिळून वाडी बघतात, म्हणजे काका ठरवतात, दादा फोनवरच्या शीटमध्ये भरतो आणि पप्पा झाडांना पाणी सोडतात. मी २०१६ मध्ये बीएस्सी होऊन घरी बसले तेव्हा मला कोणी काम दिलं नाही. मीच सकाळी उठून तोडणीला येणाऱ्या बायकांच्या मागे जायला लागले.

या बायका तलासरीकडून, झरीहून आणि आसपासच्या पाड्यांवरून टेम्पोने येतात. बांबूच्या टोकाला जाळी लावलेला झेला घेऊन त्या झाडाखाली उभ्या राहतात. चिकू काढायच्या आधी नखाने जरासा खरवडतात. आत हिरवं दिसलं तर राहू दे, पिवळट दिसलं तर काढ. त्यांच्यात जी सगळ्यांत मोठी, तिला सगळे मावशी म्हणतात. पहिल्या दिवशी तिने मला विचारलं, “बाय, तू काय लिवते?”

मी म्हटलं, “झाडं.”

“सगळी?”

मी मान हलवली. तिला ते खूप विनोदी वाटलं. ती बाकीच्या बायकांकडे वळून काहीतरी म्हणाली आणि त्या हसल्या. त्या हसण्यात मला घरी वाटते तशी टोचणी वाटली नाही. दुपारपर्यंत तिने मला झाडांची नावं सांगायला सुरुवात केली होती.

झाडांना नावं होती! मी त्या वाडीत लहानाची मोठी झाले आणि मला माहीत नव्हतं. आम्ही म्हणायचो अमुक ओळीचं तमुक झाड. या बायकांना आकड्याचं झाड लक्षात राहत नव्हतं. एकाचा बुंधा जमिनीपासून कलला होता, ती वाकडी. एकाला जमिनीलाच दोन बुंधे होते, ती दोन पायांची. एक झाड फळ भरपूर द्यायचं पण त्याच्यावर लाल मुंग्या एवढ्या की वर हात घातला की चावून काढायच्या. ती सासू. विहिरीजवळची न्हाणीवाली. एका झाडाखाली मावशीची सून एकदा झोपली आणि तोडणी संपेपर्यंत उठली नाही, ती निजरी. सुनेला ते नाव आवडत नव्हतं, पण ते टिकलं.

मी ही नावं लिहायचे. नावाशेजारी झाडाचं चित्र, फांदी कुठे वाळली, अळीने बी पोखरलेली फळं किती पडली, पावसात फुलं कुठे गळाली, आज किती टोपल्या निघाल्या. अर्धं देवनागरीत, अर्धं इंग्रजीत. माझं शुद्धलेखन वाईट होतं, अजूनही फार बरं नाही. मी इंग्रजी शाळेत शिकले. नववीत असताना गणपतीत घर पाहुण्यांनी भरलेलं होतं आणि काकांनी मला कोणाची तरी लग्नपत्रिका मोठ्याने वाचायला सांगितली. मी ‘ऋणानुबंध’ या शब्दावर अडखळले. दोनदा प्रयत्न केला. काका म्हणाले, “एवढी फी भरली त्याचं हे फळ,” आणि बैठकीतले सगळे हसले. त्या दिवसानंतर मी घरात मराठी मोठ्याने वाचलं नाही. लिहीत मात्र राहिले, आणि वही कोणाला दाखवायची नाही हे ठरवून टाकलं.

पण वहीचा शत्रू घरात नव्हता, झाडावर होता. चिकू तोडला की देठातून पांढरा चीक गळतो. तो हाताला लागतो, पेनाला लागतो, कागदाला लागतो. ओला असताना दुधासारखा, वाळला की डिंकासारखा. पहिल्या वर्षाची वही मी पावसाळ्यानंतर कपाटातून काढली तेव्हा तिची वीट झाली होती. सुरीने पानं सोडवायला गेले तर डाव्या पानावरचं लिहिलेलं उजव्या पानाला चिकटून उलटं निघालं. अर्धी सासू इकडे, अर्धी तिकडे. मी तेव्हा रडले नाही. जे वाचता येत होतं ते नव्या वहीत उतरवून घेतलं आणि या वहीचंही हेच होणार हे मला दिसलं.

दादा म्हणाला, “मी सांगतो ना, शीटमध्ये भर. ओळ नंबर, टोपल्या. दोन रकाने. झालं.”

“आणि मुंग्या?” मी विचारलं.

“मुंग्यांचा रकाना कशाला?”

त्याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण लांब होतं. लांब उत्तरं मी कोणाला देत नाही.

भाऊबीजेला त्याने मला एक चपटं पार्सल दिलं. आत लिहायची पाटी होती, लहान मुलांना देतात तसली. काळ्या पडद्यावर हिरवं उमटतं आणि वरचं बटण दाबलं की सगळं एकदम जातं. “घे मॅडम, तुझं डिजिटल,” तो म्हणाला. त्याचा हेतू वाईट नव्हता. खरं म्हणजे मला लिहिताना तिचा गुळगुळीतपणा आवडलाही. मी दुपारी बसून आठ झाडांची एक ओळ काढली, फांद्यांसकट, आणि फोटो काढायला फोन आणायला आत गेले. परत आले तर काका चहा घेऊन बसले होते. त्यांनी कपाखाली काहीतरी हवं म्हणून पाटी ओढली होती, अंगठा बटणावर.

“अरे, गेलं वाटतं,” ते म्हणाले आणि पाटीवर कप ठेवला.

काका वाईट माणूस नाहीत. ते फक्त असे आहेत की माझं लिहिलेलं पुसलं गेलं तर काही पुसलं गेलं असं त्यांना वाटत नाही. त्याच दिवशी मी ठरवलं की मला जे हवं ते मी निवडणार, आणि ते कोणाच्या अंगठ्याने जाणार नाही असं असणार.

निवडायचं कसं, हे सांगणारं कोणी नव्हतं. इंटरनेटवर जे सांगत होते ते वातानुकूलित खोलीत बसून मीटिंगमध्ये लिहिणारे लोक होते. त्यांना चीक माहीत नव्हता. मग मी माझ्या परीक्षा ठरवल्या.

पहिली परीक्षा शिरोरेषेची. आम्हाला शाळेत शिकवलं होतं की आधी अक्षरं काढायची आणि शेवटी वरून एक रेघ ओढायची. काकूच्या जुन्या टॅबलेटवर मी रबरी टोकाचं पेन वापरून पाहिलं. अक्षरं कशीबशी आली, पण रेघ ओढली की ती माझ्या हाताच्या मागून यायची आणि अक्षरांच्या वर न बसता त्यांच्या मधून जायची. प्रत्येक शब्द लिहून झाल्यावर खोडल्यासारखा दिसायचा. दहा मिनिटांत मी ते पेन परत दिलं. माझे शब्द खोडायला घरात माणसं होती, त्यासाठी यंत्र नको होतं.

दुसरं एक पेन होतं, ते ठिपक्यांच्या खास वहीवर चालायचं. लिहायचं कागदावर आणि ते फोनमध्ये उमटायचं. कल्पना छान होती. पण कागद आला की चीक आला, आणि ती वही संपली की डहाणूत कुठे मिळणार?

तिसरं मी फक्त पडद्यावर पाहिलं. कागदासारखा करडा पडदा, उन्हात स्पष्ट, डोळ्यांना सुखाचा. त्याच्यावर माझं मन खरोखर गेलं होतं. पण ते आपल्याकडे दुकानात मिळत नव्हतं, परदेशातल्या कोणाला तरी सांगावं लागलं असतं, आणि त्यात रंग नव्हते. मला प्रत्येक वर्षासाठी वेगळा रंग हवा होता. दोन दिवस हळहळले आणि ते यादीतून काढलं.

उरला तो रंगीत टॅबलेट, स्वतःचं पेन असलेला. आणि म्हणून मी वापीच्या त्या दुकानात ‘वाकडी’ लिहीत उभी होते. शिरोरेषा जागेवर बसली. मी हाताचा तळवा पडद्यावर टेकवला. फराटे उठले नाहीत. मग मी टॅबलेट उचलला आणि दुकानाबाहेर चालायला लागले.

“ओ बेन! ओ मॅडम! कुठे नेता?” विक्रेता धावत आला. त्याच्या मागून दादा.

मी फुटपाथवर उन्हात उभी होते. पडदा फिका झाला होता, पण मान वाकवून सावली केली की अक्षर दिसत होतं. झाडाखाली एवढं पुरे होतं.

“ऊन बघते,” मी म्हटलं.

विक्रेत्याने सुटकेचा निःश्वास सोडला आणि आत आल्यावर जास्तच उत्साहाने दाखवायला लागला. हे बघा, तुमचं अक्षर मशीन वाचतं आणि टाइप करून देतं. लिहा काहीपण. मी ‘सासू’ लिहिलं. यंत्राने जरा विचार केला आणि इंग्रजी आकडे आणि अक्षरं मिसळून काहीतरी दाखवलं, एखाद्या गाडीच्या नंबरासारखं. दादा एवढा हसला की बाजूचे लोक बघायला लागले.

“तुझं लिहिलेलं मशिनलाही कळत नाही ग!”

एरवी मी त्या क्षणी वस्तू खाली ठेवून निघून आले असते. पण मी पेनाने सेटिंग उघडलं, ते वाचायचं काम बंद केलं आणि टॅबलेट विक्रेत्याच्या पुढे सरकवला. मला माझं अक्षर कोणी बदलून द्यायला नको होतं. जसं आहे तसं, चुकीच्या ऱ्हस्व-दीर्घांसकट, हवं होतं.

“हेच,” मी म्हटलं.

दादाने गाडीत विचारलं, “अजून स्वस्तातला बघायचा होता ना?” मी मांडीवरचं खोकं उघडून पेन बाहेर काढलं.

वाडीत मावशीने टॅबलेट हातात घेऊन वजन केलं आणि त्याला नाव दिलं: पेनवाली पाटी. दोन दिवसांत पेनाच्या टोकाला चीक लागला आणि ते पडद्यावर अडखळायला लागलं. मावशीने आपल्या पिशवीतून खोबरेल तेलाची छोटी बाटली काढली, ती हाताचा चीक काढायला सगळ्या बायका ठेवतात. पदराच्या टोकाला एक थेंब घेऊन तिने पेन पुसलं, जसं ती नातवाचं नाक पुसत असेल.

त्या हिवाळ्यात मी पूर्ण वाडीचा नकाशा काढला. खाली समुद्र, वर फाटक, मध्ये एकेक झाड, गोल आणि त्याचं नाव. मग जुन्या वह्यांमधलं जेवढं वाचलं होतं ते त्याच नकाशावर उतरवलं. पहिलं वर्ष निळ्या रंगात, दुसरं हिरव्या, तिसरं लाल. एक वर्ष लपवता यायचं, तिन्ही एकत्र बघता यायची. बोटांनी मोठं केलं की सासूच्या मुंग्यासुद्धा दिसायच्या. मला वाटायचं की वाडी मला पहिल्यांदा दिसते आहे. कोणाला दाखवलं नाही.

मार्चमध्ये काकांनी जेवताना सांगितलं की पर्यटकांसाठी तीन खोल्या बांधायच्या. शनिवार-रविवारी मुंबईची माणसं येतात, समुद्रावरचे लोक दोन-दोन खोल्या काढून बसलेत, आपणच मागे का राहायचं? त्यासाठी एक ओळ काढावी लागेल. दादाने फोन पुढे केला. “सहावी ओळ. दोन वर्षं बघतोय, सगळ्यांत कमी टोपल्या. म्हातारी झालीत झाडं.”

“मग सहावी,” काका म्हणाले. “जत्रेच्या दिवसांत करून टाकू. बायका नसतात, वाडी मोकळी असते.”

चैत्रात विवळवेढ्याला महालक्ष्मीची जत्रा भरते आणि तोडणीच्या सगळ्या बायका रजा घेतात. चारोटीचा एक माणूस करवतीचं मशीन आणि दोन जोडीदार घेऊन येणार होता.

मी खोलीत जाऊन नकाशा उघडला. समुद्राकडून मोजत गेले. पहिली, दुसरी, तिसरी. सहावी. सहाव्या ओळीत दोन पायांची होती, सासू होती, निजरी होती. तिन्ही रंगांत टोपल्यांचे आकडे गर्दी करून बसले होते. ही वाडीतली सगळ्यांत चांगली ओळ होती.

मला काय वाटलं हे लिहायला आज लाज वाटते. मला वाटलं, माझंच चुकलं. दादाचं शीट आहे, त्यात रकाने आहेत, ते छापून येतं. माझं म्हणजे चित्रं आणि चुकीचं शुद्धलेखन. आठ दिवस मी स्वतःच्या नोंदी पुन्हा पुन्हा तपासल्या. पहाटे उठून सासूच्या खाली उभी राहिले. वर फळं लगडलेली होती आणि मुंग्या नेहमीसारख्या रागात होत्या. झाड खोटं बोलत नव्हतं. मग शीट असं का म्हणत होतं?

झाडं तोडणाऱ्याचा दिवस ठरला. त्याच्या आदल्या सकाळी मी स्कूटी काढली आणि झरीला गेले. घरी सांगितलं, मैत्रिणीकडे जाते. तलासरीच्या बाजूला मी एकटी पहिल्यांदाच गेले होते. मावशीचं घर विचारायला पाड्यावर स्कूटी थांबवली, तर एका म्हाताऱ्याने माझ्या खांद्यावरच्या पिशवीतून डोकावणारा टॅबलेट पाहिला आणि न विचारता बोट दाखवलं. पेनवाली पाटी पाड्यापर्यंत पोहोचली होती.

मावशी जत्रेच्या तयारीत होती. सून नव्या बांगड्या भरून बसली होती. मला बघून मावशी आधी घाबरली. “घरी बरं ना, बाय?”

मी टॅबलेट तिच्या हातात दिला. “मावशी, दादाला संध्याकाळी टोपल्या कोण सांगतं?”

“मीच सांगते. अमक्या ओळीच्या एवढ्या, तमक्या ओळीच्या तेवढ्या. त्याला नावं चालत नाय ना, नंबर पाहिजे.”

“मग सहावी ओळ दाखव मला.”

तिने नकाशाकडे पाहिलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि टॅबलेट गोल फिरवून फाटक आपल्या पोटाशी घेतलं. पण पडद्याला ते मान्य नव्हतं. तो फिरवला की चित्रही फिरायचं आणि समुद्र पुन्हा खाली यायचा. तिने पुन्हा फिरवलं. चित्र पुन्हा फिरलं.

“ए, ही उलटी का होते? फाटक इथे पाहिजे ना, माझ्याजवळ!”

“फाटक जवळ कशाला?”

“कशाला म्हणजे? मी समुद्रातून येते का कामाला?”

सून खदखदून हसली. मी हसू शकले नाही. मी टॅबलेट परत घेतला, चित्र फिरणं बंद केलं आणि फाटक तिच्या बाजूला करून तिच्या मांडीवर ठेवला. तिने बोटाने फाटकापासून मोजलं. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. बोट थांबलं ते आमच्या नवव्या ओळीवर. त्या ओळीला लागून बांबूचं बेट आहे, झाडांना ऊन मिळत नाही, आणि माझ्या तिन्ही रंगांत तिथे जवळजवळ काहीच लिहिलेलं नव्हतं.

आमच्या घरात पहिली ओळ म्हणजे समुद्राकडची, कारण आजोबांनी तिथून लावली. कामाला येणाऱ्या बायकांची पहिली ओळ म्हणजे फाटकाकडची, कारण त्या तिथून आत येतात. दोन वर्षं मावशी तिच्या सहाव्या ओळीच्या टोपल्या सांगत होती आणि दादा त्या आमच्या सहाव्या ओळीत भरत होता. दोघंही खरं बोलत होते. कुठून मोजायचं हे एकमेकांना विचारायचं कोणाला सुचलंच नव्हतं, आणि शीटमध्ये त्याचा रकाना नव्हता.

“सासूला कापणार?” मावशीने विचारलं. मी सांगितल्यावर तिचा चेहरा उतरला. “अगं, तिला कापतील तर वाडीत राहील काय? तू सांग ना त्यांना.”

“मी?”

“तूच तर लिवलं.”

संध्याकाळी मी पप्पांना विहिरीजवळ गाठलं आणि नकाशा दाखवला. ते पडद्यावर वाकले. दोन्ही बाजूंनी मोजलं. मग मोटर बंद केली, हात पुसले.

“बरोबर आहे तुझं.”

“मग काकांना सांगा.”

“मी सांगितलं तर त्यांना वाटेल खोल्याच नकोत म्हणून मी अडवतो. भावाभावांचं होईल.” ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “तू सांग. तुझं आहे ते.”

मला त्यांचा राग आला. अजूनही थोडा आहे. पण ते म्हणाले ते खरं होतं. ते माझंच होतं.

सकाळी सात वाजता चारोटीचा माणूस आला. वाडी बायकांशिवाय फार शांत होती. काका पुढे, दादा फोन घेऊन त्यांच्या बाजूला, पप्पा सगळ्यांत मागे. मी टॅबलेट छातीशी धरून आले तेव्हा तोडणाऱ्याने सासूच्या बुंध्याभोवतीचा पाला साफ करायला घेतला होता. मुंग्या त्याच्या हातावर चढल्या आणि तो शिवी देऊन मागे सरकला. मला त्या मुंग्यांचा फार अभिमान वाटला.

“काका,” मी म्हटलं.

त्यांना ऐकू गेलं नाही. करवत सुरू झाली होती.

“काका!”

ते वळले. “काय ग, फोटो काढायचाय? काढ आणि बाजूला हो, फांदी पडेल.”

“ही ती ओळ नाही.”

दादा हसला. “शीटमध्ये आहे मॅडम, सहावी. तू काय त्या पाटीत बघतेस? ते तर मशिनलाही वाचता येत नाही.”

“हो ना,” काका म्हणाले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, प्रेमानेच. “जे काही असेल ते लिहून ठेव बेटा. संध्याकाळी निवांत वाचू.”

त्यांनी तोडणाऱ्याला हाताने खूण केली. माझ्या हातात पडदा उजळला. वर फाटक, खाली समुद्र, मध्ये माझं वाकडंतिकडं अक्षर. ‘मुंग्या’ मी चुकीचा लिहिला होता, ‘निजरी’ सुद्धा. लग्नपत्रिकेच्या दिवसाची बैठक डोळ्यासमोर आली, सगळी माणसं, सगळे दात. मी झाड आणि करवत यांच्या मधे जाऊन उभी राहिले. आवाज निघाला तो मला वाटला होता त्यापेक्षा मोठा होता.

“लिहून तीन वर्षं झाली, काका. आता मी वाचणार, मोठ्याने, पहिल्या झाडापासून. करवत खाली ठेवायला सांगा.”